शेवंतीची मागची जागा

शेवटचं नीट बोलणं झालं ते हॉस्पिटलात. नाकात नळी होती, बोलताना दम लागायचा, तरी शेवंतीनं, माझ्या बायकोनं, डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "मीटिंगची नोटीस लागली का?" मी म्हटलं, लागली. "काय लिवलंय?" मी म्हटलं, मागच्या जागेत पार्किंग करायचं, तोच विषय. मग डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाली, "तुम्ही जाल न्हवं? जाल, पन गप बसाल." मी म्हटलं, "तू ये ना बरी होऊन, तूच भांड." त्यावर हसायला गेली आणि खोकला आला... नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी खाली चहाला गेलो होतो. अर्धा चहा प्यायलो आणि मनीषाचा, म्हणजे माझ्या मुलीचा, फोन आला. "बाबा, वर या." आवाजावरूनच कळलं. लिफ्ट येईना म्हणून जिन्यानं गेलो. आता घाई करून काही उपयोग नाही हे कळत होतं, तरी पाय घाई करत होते.

मी चौथी शिकलेला माणूस. मनीषा म्हणाली, बाबा तुम्ही बोला, मी लिहून घेते. पण लिहिताना तीच रडायला लागली, म्हणून मग मीच बसलोय. माणूस गेलं की लोक लिहितात, फार प्रेमळ होती, सगळ्यांना धरून होती. शेवंती तशी नव्हती. भांडकुदळ होती. पेणकरपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिच्याशी ही भांडली नाही अशी बाई कालच भाड्यानं राहायला आली असणार, एवढं समजून चालायचं. माझ्याशी तर रोजच. आता घर इतकं शांत झालंय की मी मुद्दाम टीव्ही मोठ्यानं लावतो आणि बघत नाही.

ती रायगडातली, खाडीकाठची. त्यांची शेती खाजणातली, म्हणजे एका बाजूला समुद्राचं पाणी आणि मध्ये मातीचा बांध. बांधाला एक लाकडी दार असतं, त्याला तिकडं उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडतं, शेतातलं जादा पाणी बाहेर जातं. भरती आली की दार मिटतं, खारं पाणी आत येत नाही. लहानपणी बापाबरोबर ती हे दार बघायला जायची, हे तिनं मला हजार वेळा सांगितलं असेल. मी रत्नागिरीचा, डोंगराकडचा. आमच्याकडं पाणी पडलं की पळून जातं, त्याची काळजी कोण करतो? लग्न झालं, मी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला लागलो, आणि गावचं होतं नव्हतं ते घालून ही तळमजल्याची खोली घेतली. तेव्हा पायऱ्या चढून आत जायचो. मग समोरचा रस्ता झाला. मग त्यावर डांबर, मग परत डांबर, मग काँक्रीट. दर वेळी रस्ता वर आणि आम्ही तिथंच. आता पायऱ्या उतरून आत यावं लागतं. शेवंती म्हणायची, "आपली बिल्डिंग खचत न्हाय, आपल्याला पुरतायत."

मागं कुंपणाची भिंत आहे आणि भिंतीपलीकडं मोठा नाला. तो जातो खाडीला. आमच्या कंपाउंडचं गटार भिंतीला ठेवलेल्या भोकातून त्या नाल्यात पडतं. पाऊस जोराचा आणि त्याच वेळी भरती असली की नाल्याचं पाणी पुढं जात नाही, उलटं येतं, आणि पहिलं येतं आमच्या तळमजल्यावर. वरचे लोक गॅलरीत उभं राहून व्हिडिओ काढतात. काढू देत... त्यांचाही काही दोष नाही, ते काय खाली उड्या मारतील?

आता खरी गोष्ट सांगतो, कारण ही तिनंच सगळ्यांसमोर सांगितलेली आहे, मी चहाडी करत नाही. देवाचं निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, ते पायदळी येतं, वाहत्या पाण्यात सोडायचं, असं आपल्याकडं आहे. गावाला ठीक आहे, नदी आहे, ओढा आहे. इथं वाहतं पाणी म्हणजे काय, तर मागचा नाला. तो खाडीला मिळतो, खाडी समुद्राला, म्हणजे हिशेब बरोबर. त्यामुळं आमची सगळी बिल्डिंग भिंतीवरून निर्माल्य नाल्यात सोडायची. कोणी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, कोणी तशीच फुलं. शेवंतीला प्लास्टिक चालायचं नाही, देवाला कसलं प्लास्टिक? ती ओटीतल्या ब्लाउजपीसमध्ये पुरचुंडी बांधायची, सोडायची आणि नाल्याला हात जोडायची. नाल्याला! त्या वासात! मी म्हणायचो, "अगं, नाक धरून तरी नमस्कार कर." ती म्हणायची, "तुमच्या गाळ्यातून घरी आलात की मी कुठं नाक धरते?"

एका वर्षी गौरी-गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी असा पाऊस लागला की समोरचा माणूस दिसेना. भरतीही होती. घरात पाणी आलं, ओट्याखालचा सिलिंडर तरंगायला लागला. यापूर्वीही यायचं, पण घोट्याला लागून जायचं. या वेळी ओहोटी लागली, नाला उतरला, तरी आमचं पाणी जाईना. मग सोसायटीचा सेक्रेटरी सावंत, मी आणि दोन-तीन जण बांबू घेऊन मागं गेलो आणि भिंतीच्या भोकात ढोसायला लागलो. जे निघालं ते काय सांगू... हार, दुर्वा, पत्री, पिशव्याच पिशव्या, फुगून टम्म झालेल्या. नारळ. भरतीच्या पाण्यानं सगळं परत आणून आमच्याच तोंडाशी कोंबलं होतं. सावंत शिव्या घालत होता. "कोणाची कामं ही? नावं काढतो एकेकाची." बायका वरून बघत होत्या. तेवढ्यात बांबूला लागून एक पुरचुंडी आली, हिरव्या कापडाची, जरीच्या काठाची, गाठ जशीच्या तशी. शेवंती साडी गुडघ्यापर्यंत खोचून माझ्या मागंच उभी होती. गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? म्हणाली, "ती माझी हाय."

सावंताला आयतंच मिळालं. "वा काकी! म्हणजे तुम्ही गणपती विसर्जन करता आणि आम्हाला बुडवता." सगळे हसले. वरून दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेननं आवाज दिला, "अरे सावंतभाई, उसमें दो थैली मेरी भी है, मेरे को भी बोलो." मग तिसऱ्या मजल्यावरूनही कोणी बोललं. हसण्यावारी गेलं. पण शेवंती हसली नाही. ती पुरचुंडी धुऊन तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली आणि सगळा दिवस घरातलं पाणी सुपल्यानं काढत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "बाप माझा उघाडीच्या तोंडाशी काटकी अडकली तरी पाण्यात उतरायचा. आणि मी इथं तोंडात बोळा कोंबत बसले."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणायला घेतला. भिंत आणि बिल्डिंगच्या मध्ये मातीचा एक पट्टा होता, बिल्डरनं सोडलेला, पाडकामाचं डेब्रिज आणि मोडके दरवाजे पडलेले. निर्माल्य तिथं मातीत जाईल, नाल्यात नाही, एवढाच विचार. पाण्याचं तिच्याही डोक्यात नव्हतं. पहिला खड्डा चुकला. आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून खणला, आणि आतून भिंतीला ओल आली, पोपडे सुटले. सावंत धावत आला, "काकी, पाया भिजेल, बिल्डिंग बसेल." त्याचं बरोबर होतं, पण बरोबर आहे असं म्हणेल ती शेवंती कसली! "बिल्डिंग तशीही बसलीच हाय," म्हणाली. मात्र सावंताची पाठ वळल्यावर मला म्हणाली, चला, बुजवा हा. मग लांब, नाल्याच्या भिंतीशी दुसरा खणला. डेब्रिज उचललं, आळू लावला, केळ लावली, हळद लावली. सगळ्या मजल्यांवरून निर्माल्य यायला लागलं. पिशवीतून कोणी आणलं की पिशवी रिकामी करून त्यांच्याच हातात परत. हंसाबेनसुद्धा यायची, तिचं आमच्याशी हिंदी, शेवंतीचं तिच्याशी मराठी, आणि दोघींचं तासभर चालायचं. कोणाला काय कळायचं देव जाणे.

पुढच्या पावसात लक्षात आलं की पाणी त्या जागेत उभं राहतं आणि हळूहळू मुरतं. आधी तिथं डेब्रिज होतं तेव्हा सरळ आमच्या दारात यायचं. मग हिची भूक वाढली. गच्चीवरून पावसाचा मोठा पाइप खाली येतो, तो पुढच्या फरशीवर पडायचा. तो तिनं प्लंबरकडून वळवून मागं मातीत सोडला, कोणाला न विचारता. त्यावरून जे भांडण झालं ते बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. सावंत म्हणाला, सोसायटीचा पाइप आहे. ही म्हणाली, पाणी पण सोसायटीचं हाय, ते मी एकटीनं का प्यायचं? मी आत पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो, पण पेपर समोर होता.

सगळं तिचंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. डास झाले. पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीला डेंग्यू झाला आणि सगळ्यांनी शेवंतीकडं बोट दाखवलं. महापालिकेचा माणूस फवारणी करून गेला, म्हणाला आळवाच्या मुळाशी पाणी उभं दिसतंय. त्या वेळी ती खरोखर हलली. त्या मुलीला पपई आणि पेज घेऊन रोज वर जायची, जिना चढताना धाप लागायची तरी. दोनदा दार लावून घेतलं त्यांनी. तिसऱ्यांदा उघडलं. मग तिनं आळू विरळ केला, खाली खडी आणि वाळू टाकून घेतली, पाणी उभं राहायचं बंद झालं. पण धाप काही थांबली नाही... ती तिथूनच सुरू झाली, की आधीपासून होती आणि आम्ही बघितली नाही, मला माहीत नाही. डॉक्टरनं फुप्फुसाचं सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

पाणी घरात यायचं थांबलं असंही नाही. भरतीला येतंच. पण पूर्वी दोन-दोन दिवस बसायचं ते आता ओहोटीबरोबर जायचं. तळमजल्यावर राहणाऱ्याला विचारा, यात किती फरक असतो. गादी वाचते की नाही, एवढा फरक असतो.

ती गेली आणि तेरावं झालं. फोटोला घातलेला हार सुकला. मनीषा म्हणाली, बाबा, याचं काय करू? मी तिच्या हातातून घेतला आणि मागं गेलो. खड्ड्याशी उभा राहिलो. हार हातात, आणि टाकवेना. शेवटी हंसाबेन वरून बघत होती ती खाली आली, तिनं हाताला हात लावला, आणि दोघांनी मिळून सोडला. "शेवंतीबेन बोलती थी, धागा निकाल के डालो," ती म्हणाली. मग परत वाकून मी हाराचा दोरा ओढून काढला.

त्या आठवड्यातच मीटिंग होती. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. बिल्डिंगमधल्या पोरांच्या आता गाड्या आहेत, रस्त्यावर लावल्या की उचलून नेतात, रोजची कटकट. त्यांचीही गरज खरी आहे. सावंत उभा राहिला, आधी हिच्यासाठी सगळ्यांना शांत उभं केलं, मग बसल्यावर म्हणाला, "काका, काकी होत्या तोवर आम्ही विषय ताणला नाही. त्यांचा मान होता. आता मागं काँक्रीट करून घेऊ म्हणतो. तुमची हरकत नसेल तर..." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं. मला खरंच वाटत होतं, करा काय करायचं ते. मी थकलोय. माणूसच नाही राहिलं, मातीला धरून काय करू? हंसाबेन मागून म्हणाली, "चाचा, बोलो ना."

मग उठलो. मला भाषण येत नाही. म्हटलं, "सावंत, तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस. मी तळाला राहतो. मागं काँक्रीट केलंस तर गच्चीचं पाणी माझ्या घरात येणार. माझ्या एकट्याच्या नाही, चार घरं आहेत. तुझ्या गाड्याही तिथंच असतील, त्याही बुडतील. मग माझ्या घरी पाणी काढायला येशील, का आधी गाडी ढकलशील?" कोणी तरी हसलं. सावंत म्हणाला, "काका, मग गाड्या डोक्यावर ठेवायच्या का?" त्यावर हंसाबेनचा मुलगा बोलला. त्याच्या ऑफिसात जाळीचे ब्लॉक आहेत म्हणे, मध्ये भोकं असतात, भोकांत खडी भरायची, खाली वाळू. गाडी उभी राहते आणि पाणी खाली जातं. महाग पडतात, पण होतं. सावंत म्हणाला, पण मग झाडं काढावी लागतील. केळ, आळू, सगळं. काकीचं सगळंच जाईल, काका... चालेल?

हे मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तिच्या हातची केळ घडाला आली होती. मी विचार केला, ती असती तर काय म्हणाली असती? खरं सांगतो, मला कळलं नाही. पंचेचाळीस वर्षं एका खोलीत काढली आणि कळलं नाही. कदाचित केळीला मिठी मारून बसली असती. पण उघाडीवाल्याची मुलगी होती, केळीपेक्षा पाणी मोठं धरलं असतं तिनं, असंही वाटलं. मी म्हटलं, "झाडं मी काढतो. पण खाली सिमेंट टाकायचं नाही, पाइप आहे तिथंच राहील, खड्डा भिंतीशी राहील, आणि पावसाआधी भोक साफ करायला प्रत्येक मजल्यावरून एक माणूस खाली येईल. नोकर नाही, घरातला माणूस." मग हात वर झाले. पहिला मी केला. तिच्या जागेवर गाड्या आणायला पहिला हात माझा.

ब्लॉक लावायला कारागीर आले तेव्हा मी केळीचं, हळदीचं उपटून घेतलं होतं. केळीच्या बुडाशी फुटलेला एक मुनवा मोरवा गावात मनीषाच्या दारात लावला. घराच्या मागच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. बघतो तर मिस्त्री खाली सिमेंटचा माल पसरतोय. मी म्हटलं, "ये क्या करता है?" तो म्हणाला, "चाचा, बिना सिमेंट के बैठ जाएगा ब्लॉक." मी म्हटलं, "बैठने दे." "गाडी हिलेगी." "हिलने दे." "लोग मेरे को गाली देंगे." मी म्हटलं, "पहिली गाली मी देतोय, ती घे आणि माल उचल." सावंताला फोन गेला. तो आला, माझ्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, आणि मिस्त्रीला म्हणाला, "निकाल रे, निकाल. इनके घर में सब ऐसे ही हैं." काम दोन दिवस चाललं, मी खुर्ची सोडली नाही. जेवणही तिथंच. शेवटी बादलीभर पाणी आणलं आणि ब्लॉकवर ओतलं. मिस्त्री, सावंत, मी, तिघेही वाकून बघत होतो. गेलं. आवाज न करता गेलं. सावंत म्हणाला, "काका, तुम्ही तर काकींच्या वरताण निघालात." मला बरं वाटलं नाही. मला हे काम नको होतं, तिचं होतं, तिनंच करायला हवं होतं.

पाऊस अजून यायचाय. बादलीचं पाणी वेगळं आणि भरतीबरोबर आलेलं वेगळं, हे मलाही कळतं. टिकेल की नाही ते तेव्हाच दिसेल.

मनीषा परवा येऊन गेली. म्हणाली, बाबा, आता खाटेखालच्या विटा काढून टाकू या. आमच्या खाटेच्या चारही पायांखाली शेवंतीनं विटा रचलेल्या आहेत, पाणी आलं तर गादी कोरडी राहावी म्हणून. त्यामुळं खाट उंच. तिची उंची कमी, तिला वर चढताना एक पाय विटेवर ठेवून उडी मारावी लागायची, आणि बसली की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, शाळेतल्या पोरीसारखे लोंबत असायचे. मनीषाचं म्हणणं, या वयात उतरताना पडलात तर कोण बघणार? बरोबर आहे तिचं. मी वाकलो, खाटेचा एक पाय उचलून खालची वीट ओढली. विटेच्या बाहेर राहिलेल्या टोकावर तिच्या पायाची जागा झिजून गुळगुळीत झाली होती, मध्ये थोडी खोलगट. मी ती परत होती तशी सरकवली. मनीषाला म्हटलं, "पावसानंतर बघू." आणि चढून बसलो. माझेही पाय टेकत नाहीत.